टाकी वळेना

नवव्या खेपेलाही टाकी वळली नाही, तेव्हा जंतूबाईने हातातली नोंदवही भिंतीवर फेकून मारली. वही आपटली आणि नुकत्याच धुतलेल्या फरशीवरच्या पाण्यात पालथी पडली. आसपास कुणी नव्हतं, म्हणजे राग बघायलाही कुणी नाही आणि वही उचलायलाही कुणी नाही. शेवटी ती स्वतःच वाकली, वही कोटाला पुसली आणि तिच्यात लिहिलं: बहात्तर तास पूर्ण, आम्ल वाढतंच आहे.

जंतूबाई हे अर्थातच तिचं नाव नव्हे. खरं नाव हजेरीच्या यादीपुरतं होतं. बाकी सगळ्यांना ती जंतूबाई, कारण कारखान्यातले सगळ्यात महत्त्वाचे कामगार तिच्या ताब्यात होते आणि ते डोळ्यांना दिसत नव्हते. मागच्या मोकळ्या जागेत मक्याची धाटं, गव्हाचं काड आणि रसाच्या कारखान्यातून आलेली फळांची सालं यांचे डोंगर पडलेले असत. त्यांचा भुगा करायचा, वाफेवर शिजवायचा, त्यातून साखर सुटली की तो पातळ लगदा थंड करून दुमजली टाकीत सोडायचा आणि मग जंतूबाईने आपले जिवाणू त्यात घालायचे. पहिला दिवसभर ते साखर खातात आणि आम्ल करतात. त्या आम्लाला खवट लोणी आणि ओकारी यांचा मिळून एक वास येतो, तो कितीही साबण लावला तरी अंगावरून जात नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचंच आम्ल त्यांना बाधायला लागतं. मग ते चाल बदलतात, केलेलं आम्ल परत गिळतात आणि त्याचं ब्युटेनॉल करतात, ज्यावर इंजिन चालतं. यालाच कारखान्यात टाकी वळली असं म्हणत. अकरा वर्षं टाकी कधी लवकर वळली, कधी रडतखडत, पण वळली. गेल्या दोन महिन्यांत मात्र तिने जणू हट्टच धरला होता. आम्ल होई, वास सुटे आणि गाडी तिथेच अडे. मग चुना टाकून सगळी टाकी मारायची आणि ओतून द्यायची.

घरी वेगळीच तऱ्हा. बसमध्ये तिच्या शेजारची जागा शेवटच्या थांब्यापर्यंत रिकामी राही. नवऱ्याने तिचे कपडे गॅलरीत वेगळ्या दोरीवर वाळत घालायला सुरुवात केली होती, तीही तिला न सांगता, आणि न सांगता केलेल्या गोष्टीचाच तिला जास्त राग येई. सासूबाई मात्र सांगून टाकणाऱ्यांपैकी.

"आज तरी वळली का गं तुझी ती?"

"नाही."

"मग आधी आंघोळ कर. आणि जेवायला खिडकीपाशी बस."

"आई, दोनदा आंघोळ झालीय."

"मग खिडकीपाशीच बस."

जंतूबाई खिडकीपाशी बसून जेवली. तिला सासूबाईंचा राग आला नाही. त्यांचं नाक खरं तेच सांगत होतं. राग आला तो एका दुसऱ्याच नाकाचा.

ते नाक वाफकाकांचं. वाफकाका म्हणजे बॉयलरवाला. एकतीस वर्षं वाफेशेजारी काढल्यामुळे कानाने अर्धे गेलेले, त्यामुळे साधं बोलणंही ते ओरडून बोलत. पण नाक असं तिखट, की टाकीच्या धुराड्याखालून जाता जाता ते मान वर करत आणि गर्जना करत, "वळली!" जंतूबाई दर तासाला नमुना काढून यंत्रात बघे, तर यंत्र अर्ध्या तासाने त्यांचंच म्हणणं खरं करी. शिकलेल्या माणसाला ही गोष्ट रोज रोज सहन होत नाही. सगळ्या कारखान्यासमोर कौतुक करावं लागे ते वेगळंच.

पाचवी टाकी बिघडली तेव्हा काका तिच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले होते. आत यायचे नाहीत, काजळीचे बूट म्हणून.

"बाई, वाफ चोख आहे हो! दोनदा काटा तपासला मी. तुमच्या पोरांचंच काहीतरी बिनसलंय."

"काका, माझ्या पोरांचं मी बघते. तुम्ही तुमचं भांडं बघा."

"पहिल्यासारखा वास मारत नाही त्यांचा. आळशी वास येतो."

आळशी वास! तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. ती रोज भिंगाखाली बघत होती, काड्यांसारखे तिचे जिवाणू कसे तुरुतुरु पळत होते. दर आठवड्याला ती त्यांना ताज्या रसात हलवी, एका नळीतून दुसऱ्या नळीत, सुट्टीच्या दिवशीही येऊन. आणि हा माणूस त्यांना आळशी म्हणतो? त्याच रागाच्या भरात तिने साहेबांना अहवाल दिला. लगदा नीट शिजत नसावा, वाफ कमी पडत असावी, त्यामुळे बाहेरचे जंतू टाकीत शिरून नासधूस करत असावेत. बाहेरचा एकही जंतू तिला सापडला नव्हता. पण कारण तर द्यायलाच हवं होतं, आणि हे कारण दाराशी येऊन उभं राहिलेलं होतं. बॉयलरवरच्या माणसाचं नाव अहवालात लिहायची पद्धत होती. तिने ते लिहिलं, पूर्ण.

साहेबांना तरी काय, वरच्या कार्यालयाला दाखवायला काहीतरी हवंच होतं. काका सहाव्या टाकीआधीच घरी बसले. चौकशीची तारीख पडली, शुक्रवारची. चौकशीत दोष ठरला की नोकरी संपली, तीही निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना. आणि कागद म्हणाल तर एकच, जंतूबाईच्या सहीचा.

नवा बॉयलरवाला आला. काटा नवा, झडप नवी, वाफ पाहिजे त्याहून जास्तच. तरी सहावी बिघडली. सातवी आणि आठवीही. साहेब म्हणाले, नव्या माणसाचा हात बसायला वेळ लागतो. आता ही नववी.

तर त्या दिवशी ओली वही काखेत मारून जंतूबाई प्रयोगशाळेत आली आणि स्टुलावर मटकन बसली. वाफ नाही, काड नाही, पाणी नाही. काड तिने तीन गावांचं वापरून पाहिलं होतं, पाणी दोनदा तपासून आणलं होतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर खापर फोडून झालं होतं. ज्याच्यावर फोडायचं राहिलं होतं असं या खोलीत एकच उरलं होतं, आणि ते स्टुलावर बसलेलं होतं.

तिने चिडून थोरल्या सरांची जुनी वही काढली. थोरले सर म्हणजे तिच्या आधी ही प्रयोगशाळा सांभाळणारे, तिला हे काम हाताला धरून शिकवणारे. निवृत्त झाले आणि मुलीकडे दूर राहायला गेले. वहीत सगळं तिच्या पाठ असलेलंच होतं. रस किती, ऊब किती, हवा लागू द्यायची नाही. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, प्रत्येक वेळी नळी बदलताना केलेली तीच नोंद: उकळत्या पाण्यात एक मिनिट. एके ठिकाणी त्याखाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, इथे दया करू नये.

जंतूबाईचं बोट त्या ओळीवर थांबलं ते थांबलंच.

ते एक मिनिट तिने दोन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. ते तिला कधीच आवडलं नव्हतं. नळी उकळत्या पाण्यात धरली की आतले बहुतेक जिवाणू मरत. जे कवच करून, बीजाणू होऊन झोपलेले असत तेवढेच वाचत आणि त्यांना उठून कामाला लागायला दीड दिवस लागे. एवढी छान वाढलेली पोरं आपल्या हाताने उकळून मारायची आणि वर दीड दिवस वाया घालवायचा? तिने एकदा न उकळता नळी बदलून पाहिली. रात्रीतून रस फसफसून आला. तेव्हा तिला आपलीच पाठ थोपटावीशी वाटली होती.

तिने नवव्या टाकीचा तीन दिवसांचा थेंब भिंगाखाली घेतला. आजवर ती ताजे, पळणारे जिवाणूच बघत आली होती, कारण बघायला तेच चांगले वाटत. तीन दिवसांच्या म्हाताऱ्या रसात काड्यांची पोटं फुगलेली दिसायला हवीत आणि प्रत्येकीच्या टोकाशी चमकणारा एक ठिपका, म्हणजे बीजाणू. तिने एक जागा पाहिली, दुसरी पाहिली. चाळीस जागा पाहिल्या. एकही ठिपका नव्हता.

जो जिवाणू कवच करायची तयारी करतो, तोच आम्ल गिळून ब्युटेनॉल करतो. दोन्ही कामं एकाच वेळी सुरू होतात. ही गोष्ट तिला परीक्षेत विचारली असती तर तिने चार पानं लिहिली असती. उकळत्या पाण्याने दर आठवड्याला अशा जिवाणूंनाच निवडून ठेवलं होतं. तिने ते थांबवल्यावर कवच न करणारे, नुसते खाणारे आणि वाढणारे पुढे निघून गेले. ते हळूहळू झालं म्हणून कळलं नाही. आधी टाकी उशिरा वळू लागली, मग अर्धीच वळू लागली, आणि ती दर वेळी म्हणत राहिली, काड ओलं असेल.

आळशी वास. काकांनी बरोबर तेच सांगितलं होतं, आणि तिने त्यांना त्याबद्दल घरी बसवलं होतं.

तिला आधी रडू आलं नाही, राग आला. थोरल्या सरांचा, की हे कारण त्यांनी नीट फोड करून का नाही लिहिलं. साहेबांचा, की त्यांनी पुरावा का नाही मागितला. काकांचा, की ते असे कसे मुकाट्याने घरी गेले. मग हे सगळे राग एकामागून एक संपले आणि शेवटचा राहिला तो कुणावर काढणार?

टेबलावर पेनं ठेवायचा डबा होता. त्यात अकरा वर्षं एक बंद काचेची नळी पेनांबरोबर उभी होती, आत दोन बोटं कोरडी माती. निवृत्त होताना थोरल्या सरांनी दिलेली. मूळ जिवाणूंचे बीजाणू त्या मातीत झोपवलेले होते. "अडलं तर," एवढंच ते म्हणाले होते. ताज्या पोरांची आई असलेल्या जंतूबाईला ती माती म्हणजे म्हाताऱ्या माणसाची आठवण वाटली होती. कधीकधी ती त्या नळीने कान खाजवी.

नळी फोडली. चिमूटभर माती रसात घातली, उकळत्या पाण्यात धरली आणि घड्याळाच्या काट्याकडे बघत एक मिनिट मोजलं. दया केली नाही.

पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. रस असा स्वच्छ, की पिऊन टाकावा. तिने त्या नळीला शिव्या दिल्या, तिची मनधरणी केली, मग पुन्हा शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तळाशी एक बुडबुडा दिसला. तो सुटून वर आला. दुपारपर्यंत रस दुधासारखा गढूळ झाला. नळीतून बाटलीत, बाटलीतून कॅनमध्ये, कॅनमधून छोट्या टाकीत. मंगळवारी सकाळी तिने तो मोठ्या टाकीत सोडला. शुक्रवारला तीन दिवस होते. साहेबांना ती एवढंच म्हणाली की नवी पेरणी करून बघते. ते दाढी करत होते, फोनवर बरं म्हणाले.

बुधवारी आम्ल झालं, नेहमीचा वास सुटला, लोकांनी नेहमीसारखी नाकं मुरडली. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती धुराड्याखालून जात होती. तिला वाटलं वास बदललाय. ओकारी मागे हटली होती आणि काहीतरी गोडसर, उग्र, फर्निचरला नवं वॉर्निश लावल्यासारखं नाकात शिरत होतं. आपल्या नाकावर तिचा विश्वास नव्हता. ती धावत जिना चढली, नमुना काढला, यंत्रात धरला. आम्ल उतरत होतं.

"वळली!" ती ओरडली. अगदी काकांसारखी.

सगळे धावत आले. कुणीतरी तिच्या पाठीत धपाटा घातला, हातातला झाडू टाकून साफसफाईवाली बाईही आली. साहेब आले, यंत्रातला आकडा त्यांनी तीनदा वाचला आणि नव्या बॉयलरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसला की नाही हात? मी म्हणत नव्हतो? बाई, तुमचा अहवाल शंभर टक्के खरा निघाला. वाफेचाच घोळ होता. उद्याची चौकशी आता दहा मिनिटांत आटपेल."

"साहेब, तसं नाहीये. मी या वेळी..."

"विनय पुरे हो!" साहेब हसले. त्यांचा फोन वाजला, ते बोलत बोलत निघून गेले. लोक टाळ्या वाजवत होते. नवा बॉयलरवाला लाजून लाल झाला होता.

जंतूबाईला साहेबांच्या मागे धावता आलं असतं. जिना चौदा पायऱ्यांचा होता. ती धावली नाही, आणि आपण धावलो नाही हे तिला पुढचे पाच तास, यंत्राचे आकडे वहीत उतरवताना, ओळीओळीला कळत होतं. टाकी वळली नसती तर काका उद्या कदाचित सुटलेही असते, कारण नव्या माणसाच्या हातूनही चार टाक्या बिघडलेल्या होत्या. आता टाकी वळवून तिनेच त्यांच्या गळ्यातला फास आवळला होता. एवढं मोठं यशस्वी गाढव तिने आजवर पाहिलं नव्हतं.

सुट्टी झाल्यावर ती बसने न जाता चालत काकांच्या घरी गेली. वाटेत तिने वाक्यं जुळवली. काका, एक तांत्रिक बाब लक्षात आली आहे. छे. काका, आपल्या दोघांचाही गैरसमज झाला होता. हे तर त्याहून वाईट. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्याजवळ एकही वाक्य उरलं नव्हतं.

दार काकांनीच उघडलं. घरातल्या सदऱ्यात ते लहान दिसत होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि बोलायच्या आधी त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

"वळली!" ते एवढ्याने ओरडले की समोरचं दार उघडलं. "अगं ए, इकडे ये! टाकी वळली! बाईंच्या कोटाला बघ वास. हाच तो!"

काकू आतून आल्या. काका खरोखरच नाचायचे बाकी होते. जंतूबाईला वाटलं, आपल्या घरीसुद्धा आज कुणाला इतका आनंद होणार नाही.

"कधी वळली?"

"अकराला."

"वा! मी असतो तर साडेदहालाच सांगितलं असतं." ते हसले. मग हसू हळूहळू मावळलं. त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "म्हणजे नव्या माणसाच्या वाफेवर वळली."

"काका..."

"म्हणजे माझंच चुकत होतं." ते आता ओरडत नव्हते. त्यांना हळू बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. "मी हिला रोज सांगत होतो, वाफ चोख होती म्हणून. कान तर गेलेच होते. आता काटाही वाचता येत नाही मला, असंच ना? असू दे. उद्या चौकशीला भांडायला येत नाही मी. कशाला तुम्हा सगळ्यांचा वेळ. कुठे सही करायची ते सांगा, करून टाकतो."

"तुमची वाफ चोख होती," ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिला ते ओरडावं लागलं. समोरच्या दारातली बाई अजून उभीच होती. "काका, तुमची वाफ चोख होती! चूक माझी होती! मी दोन वर्षं जिवाणू उकळलेच नाहीत! ते आळशी झाले होते, तुम्ही म्हणालात तसेच! या वेळी जुन्या मातीतले घातले म्हणून वळली!"

काकांनी चौकटीवरचा हात काढला. काकूंनी पदराने हात पुसले.

"हे तुम्हाला कधी कळलं?" काकांनी विचारलं.

"दहा दिवस झाले."

"दहा दिवस." त्यांनी मान हलवली. "आणि आज साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, वाफेचाच घोळ होता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

काका आत गेले. ते दार लावतील असं तिला वाटलं, आणि लावलं असतं तर ती त्यांना बोल लावू शकली नसती. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक कोरा कागद आणि पेन होतं. त्यांनी ते आतल्या टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढली.

"मला घरात सांगून काय उपयोग, बाई?" ते म्हणाले. "माझ्याबद्दल लिहिलंत तेव्हा नाव पूर्ण लिहिलं होतंत. बापाच्या नावासकट. हिने वाचून दाखवलं मला."

काजळीच्या बुटांचा माणूस तिच्या प्रयोगशाळेत कधी आत आला नव्हता. तिने बूट दाराबाहेर काढले आणि ती आत जाऊन खुर्चीवर बसली. काकूंनी वासामुळे खिडकी उघडली. काका टेबलाच्या पलीकडे उभे राहिले, बसले नाहीत.

जंतूबाईने कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आधी आपलं नाव लिहिलं, पूर्ण.